फाटकासमोरचे सरकारी तळे

आमच्या फाटकासमोरचे डबके नाहीसे व्हावे, एवढीच माझी इच्छा होती. माणसाने फार मोठ्या गोष्टीची आस धरली आणि तो तोंडावर आपटला, तर लोक निदान हळहळतात. डबक्याच्या मागे लागून जो तोंडावर आपटतो, त्याच्याकडे पाहून लोक फक्त तोंडावर रुमाल धरतात. आणि तोही हसू लपवण्यासाठी.

डबके तसे देखणे होते, हे मान्य केले पाहिजे. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला नगरपालिकेचा दवाखाना आहे. म्हणजे पाटी आहे, दार आहे, दाराला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. त्याच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरत असे, भरून वाहत असे, आणि ते पाणी भिंतीवरून ओघळत, रस्ता ओलांडून, नेमके आमच्या फाटकापुढच्या खोलगट जागेत येऊन विसावत असे. संध्याकाळी त्यात आकाश उतरे. कचेरीतून परतताना मी त्या आकाशाकडे पाहत क्षणभर थांबे, आणि तेवढ्यात माझ्या पायांवर, मानेवर आणि कानाच्या पाळीवर डास बसत. सौंदर्य आणि खाज यांचा संबंध इतका निकटचा असतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

अशात ताईला मुलगी झाली. रुग्णालयातून तिचा पहिला फोन आला, तेव्हा मी मामा झाल्याच्या भावनेने इतका भरून आलो होतो की मला बोलता येईना. ताईला ती अडचण नव्हती.

“अरे, ते डबकं गेलं का?”

“कसे आहे बाळ?” मी विचारले.

“बाळ छान आहे. डबकं कसं आहे?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग ऐक. माझं रक्त कमी आहे, काही आठवडे इथेच ठेवणार आहेत. पण नंतर त्या डासांच्या पाळणाघरात मी माझी मुलगी आणणार नाही. डबकं गेलं तर माहेरी येते, नाहीतर इथून थेट सासरी. आईला सांग.”

आईला सांगावे लागले नाही. ती माझ्या खांद्याला कान लावून उभीच होती. बाळासाठी तिने मागची खोली पुसून इतकी लख्ख केली होती की तिथे पाय ठेवायला मला बंदी होती. दुपट्यांची चळत लावता लावता ती सगळ्यांत वरच्या दुपट्याला म्हणाली, “घरात एक पुरुष आहे. असं लोक म्हणतात.”

माझ्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी बसमध्ये माझा थांबा आला तरी ‘थांबवा’ असे म्हणू शकत नाही. दुसरा कुणी म्हणेल तिथे उतरतो आणि चालत परत येतो. एका विमा कंपनीत मी दावे नाकारल्याची पत्रे लिहितो. ती मी इतक्या मनापासून लिहितो की दावा बुडालेली माणसे आभाराचे उत्तर पाठवतात. अशा माणसावर आता एका डबक्याचा आणि एका भाचीचा भार येऊन पडला होता.

प्रथम मी गुपचूप खड्ड्यात माती टाकून पाहिली. दुसऱ्या सकाळी डबके फाटकाच्या आत आले. मी माती काढून घेतली आणि मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली.

ही मातीची ये-जा समोरच्या ओट्यावरून फवारणीकाकांनी पाहिली होती. काका हिवताप पथकातून निवृत्त झाले आहेत. निवृत्त पथक झाले, काका नाहीत.

“लेका, आमच्या वेळी डबकं दिसलं की कुणाचं आहे म्हणून विचारत नसू,” ते म्हणाले. “पाठीवर पंप, हातात नळी, फुस्स! लोक दारं लावायचे, आम्ही खिडकीतून फवारायचो. लस टोचायला गेलो की अख्खी गल्ली गच्चीवर. एकाला तर मी धान्याच्या कोठीतून बाहेर काढून टोचलाय.”

“आणि आता?”

“आता लोक सरकारला शोधतात, आणि सरकार कोठीत बसतं.” काकांनी खेदाने मान हलवली. “साथ आली की तेव्हाही सरकार धावायचं, आताही धावतं. फरक एवढाच, की तेव्हा साथ येऊ नये म्हणूनही धावायचं.”

शेजारच्या गुडघेमावशी हे ऐकत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्या दुखण्यावर त्यांचा विलक्षण जीव आहे. “त्याला खात्यात पाठवा,” त्या म्हणाल्या. “पण हा तिथे बोलणार काय? परवा मला ‘नमस्कार’ म्हणताना घाम आला होता याला.”

मी खात्यात गेलो. आरोग्य खात्याच्या खिडकीमागे एक गृहस्थ चष्मा पुसत होते. 

“काय तक्रार?”

“आमच्या दारासमोर डबके आहे. त्यात डास—”

“थांबा. डास उडता आहे की पोहता?”

“दोन्ही.”

“दोन्ही म्हणू नका हो. उडता डास आमचा. पोहता डास म्हणजे अळी. ती पाण्यात, म्हणून पाणी खात्याची. पाणी खड्ड्यात, आणि खड्डा रस्ते खात्याचा.”

“पण ते तिघे एकत्रच राहतात.”

“राहू देत की. वाटण्या झाल्यावर भाऊ एका घरात राहत नाहीत का?”

या युक्तिवादापुढे मी नम्रपणे मान लववली आणि पाणी खात्यात गेलो. टाकीचे पाणी बंद करावे, असे मी सुचवताच तिथल्या बाईंनी पेन खाली ठेवले.

“दवाखान्याचं पाणी तोडायचं? आणि रुग्णांनी काय करायचं?”

“तिथे रुग्ण नाहीत.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“मग तुमच्या भागाचं आरोग्य उत्तम आहे. अभिनंदन!”

मी ‘आभारी आहे’ म्हणून बाहेर आलो. जिना उतरताना लक्षात आले की आपण हरलो आहोत. पुन्हा वर गेलो. बाईंनी कनवाळूपणे सांगितले की दवाखान्याच्या प्रमुखाने कळवले, तर पाणी लगेच बंद होईल. प्रमुखाची जागा रिकामी होती. ती कोण भरणार, या प्रश्नावर त्यांनी छताकडे बोट दाखवले. वरच्या मजल्यावर नगरपालिकेचे मुख्याधिकारी बसत असत, की हा परमेश्वराचा निर्देश होता, हे मला कळले नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिला.

तो अर्ज ही माझी चूक होती. तोंडी बोलताना माझी वाक्ये मोडून पडतात. कागदावर मात्र ती हातात हात घालून फिरायला निघतात. मी लिहिले: “महोदय, आमच्या दारासमोर एक निश्चल जलाशय आहे. सायंकाळी त्याच्या काठी उभे राहिले असता असंख्य सूक्ष्म जीवांचे गुंजन कानी पडते आणि मनुष्य देहभान विसरून आपले रक्त त्यांच्या स्वाधीन करतो. माझी भाची या जगाला अद्याप नवखी आहे. तिच्या आगमनापूर्वी या जलाशयाचे काहीतरी व्हावे, ही नम्र विनंती.”

आणि काहीतरी झाले. एका सकाळी फाटकासमोर गाडी उभी राहिली. तीतून तलाव संवर्धन खात्याचे साहेब उतरले. त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले.

“अर्ज वाचला. घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. रडली हो ती! आजकाल पाण्याबद्दल असं कोण लिहितं?”

“साहेब, ते डबके आहे,” मी म्हणालो. निदान माझ्या मनात मी तसे म्हणालो. बाहेर बहुधा काही आले नसावे.

“काळजीच सोडा. डासांचाही बंदोबस्त करतो.”

त्या आठवड्यात डबक्याला कठडा लागला. कठड्याला हिरवा रंग लागला, रंगाला आमच्या शेजाऱ्यांचे सदरे लागले. काठावर एक बाक आला. ‘कृपया तळ्यात कचरा टाकू नये’ अशी पाटी आली आणि त्या पाटीमुळे, इथे काहीतरी टाकायचे असते, हे लोकांना प्रथमच समजले. डासांच्या अळ्या खाणारे बारीक मासे एका बादलीतून आणून समारंभाने सोडण्यात आले. साहेबांनी माझा उल्लेख ‘या तळ्याचे जनक’ असा केला. आई फाटकातून ऐकत होती. तिने शांतपणे दार लावून घेतले.

मासे मात्र सर्वांना आवडले. गल्लीतले लोक पावाचा चुरा घेऊन बाकावर येऊन बसू लागले. पोट भरलेल्या माशांना अळ्यांमध्ये स्वारस्य उरले नाही, आणि संध्याकाळी काठावर इतकी मंडळी आयतीच जमत असल्यामुळे डासांना घरोघरी हिंडण्याचे कष्ट उरले नाहीत. एकदा मी आईलाही ओंजळीत चुरा घेऊन कठड्याशी उभी असलेली पाहिले. मला पाहताच ती म्हणाली, “त्यांचा काय दोष?” दोष कुणाचा, हे तिने उघड सांगितले नाही. ती फार सभ्य आहे.

कुणीतरी बाकावरचे छायाचित्र ताईला पाठवले. लगेच फोन आला.

“मी तुला ते बुजवायला सांगितलं होतं ना? तू त्याला कठडा घातलास?”

“ताई, मी—”

“मासे पाळलेस?”

“ते सरकारी आहेत.”

“परवा मला घरी सोडताहेत. मी सासरी निघाले. बाळाची मावशी असती तर बरं झालं असतं!”

त्या दिवशी आईने दुपट्यांची चळत उचलून कपाटात ठेवली. ती रडली नाही, बोललीही नाही. फक्त मागच्या खोलीचे दार सताड उघडे ठेवले. आता तिथे पाय ठेवायला मला बंदी नव्हती, आणि त्या परवानगीइतके जड दुसरे काही माझ्यावर आजवर पडलेले नाही.

मी तळ्याच्या साहेबांकडे धावलो. तळे बुजवणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी सांगितले. “आणि बापाने मुलाच्या जिवावर उठू नये,” असेही. मग मी काकांना बरोबर घेऊन मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो. दवाखान्याला प्रमुख द्या, एवढेच आमचे मागणे होते.

“रुग्णच येत नाहीत, तर माणूस कशाला देऊ?” अधिकारी म्हणाले.

“कुलूप आहे म्हणून रुग्ण येत नाहीत,” काका म्हणाले.

“आणि रुग्ण येत नाहीत म्हणून कुलूप आहे. बघा, दोन्ही बाजूंनी बरोबर बसतंय.”

परतल्यावर मी थेट बाकापाशी गेलो. संध्याकाळची मंडळी जमली होती. माझे गुडघे थरथरत होते, हे गुडघेमावशींनी व्यावसायिक नजरेने टिपले.

“आपल्यापैकी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “कुणाला काही होते आहे का?”

तो प्रश्न मी जपून विचारायला हवा होता. सारा बाक एकदम बोलू लागला. दमावाले आजोबा आपली धाप ऐकवू लागले. शिंपीदादांनी पाठ दाखवली. ज्यांना काहीच होत नव्हते, ते खजील होऊन काहीतरी आठवू लागले.

“मग उद्या सकाळी,” मी म्हणालो, “आपण सर्वांनी दवाखान्यात जाऊ या.”

“बंद आहे ना तो?”

“दाराशी बसू. रुग्ण नाहीत, असे कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. आई कालपासून बोललेली नाही.”

मावशींनी माझ्याकडे पाहिले. “एवढंच ना? मी उशी घेऊन येते.”

दुसऱ्या सकाळी बंद दवाखान्यापुढे रांग लागली. रांगेला पाहून आणखी रांग लागली. पुढे कोण बसावे यावर वाद झाला. ज्याचा आजार मोठा तो पुढे, असे ठरताच आजार वाढू लागले. सर्दीवाले मागे ढकलले गेल्यामुळे चिडून खोकू लागले. शिंपीदादांना उन्हाने चक्कर आली आणि त्यांना सरळ पहिला क्रमांक मिळाला. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या एका सरकारी गाडीच्या चालकाने हे दृश्य पाहिले, आणि त्याने कचेरीत जाऊन सांगितले की गल्लीत साथ आली आहे.

सरकार धावत आले. इतक्या वेगाने धावणारे सरकार मी कधी पाहिले नव्हते. मुख्य आरोग्य अधिकारी, पंपवाले, एक सिस्टर, औषधांची खोकी, पांढऱ्या भुकटीची पोती! दवाखान्याचे कुलूप हातोडीने फोडले. “पंप उलटा धरलायस!” असे ओरडत काका पथकात सामील झाले आणि आनंदाने लहान दिसू लागले. दार उघडताच मी, ज्याला बस थांबवता येत नाही तो मी, जिना चढून गच्चीवर गेलो आणि टाकीचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद केला. तो गुळमुळीत कुरकुर करून बंद झाला. बहुधा त्यालाही इतकी वर्षे कुणी विचारले नव्हते.

खाली दोन खात्यांची जुंपली होती. साथीच्या अधिकाराने आरोग्य अधिकाऱ्यांनी तळे उपसायला सांगितले होते, आणि तळेसाहेब कठड्याला मिठी मारून उभे होते. अखेर साथ जिंकली. मासे बादलीत भरून साहेब गाडीत बसले. जाताना माझ्याकडे त्यांनी असे पाहिले की मी त्यांना एखादे खेदपत्र लिहायला हवे होते.

खड्डा कोरडा पडला. मी ताईला फोन केला. “डबके गेले,” मी म्हणालो. “येते रे,” ताई म्हणाली. आईने कपाट उघडले.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी दोन बांबू आडवे बांधून पाटी लावण्यात येत होती: ‘साथग्रस्त भाग. लहान मुलांना प्रवेश नाही.’

मी ती पाटी तीनतीनदा वाचली. मग अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. “साहेब, साथ नाही. आम्ही सगळे बरे आहोत.”

“मग सकाळी रांग होती ती?”

“ती... उत्साहाची होती.”

“उद्या सकाळी प्रत्येकाला तपासतो. एक जरी आजारी निघाला, तरी पाटी राहणार.”

त्या रांगेसारखी हृदयद्रावक रांग मी पाहिलेली नाही. दमावाले आजोबा छाती फुगवून, श्वास आत धरून, तांबडेलाल होऊन उभे राहिले. शिंपीदादा ताठ चालत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. गुडघेमावशींची पाळी आली, तेव्हा सिस्टरने विचारले, “आजी, गुडघे दुखतात?”

मावशींनी एकदा माझ्या आईकडे पाहिले. आई फाटकात दुपटे घेऊन उभी होती.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “कधीच दुखले नाहीत.” आणि ज्या दुखण्याने त्यांना आयुष्यभर साथ दिली, त्याला असे भर रस्त्यात नाकारून त्या आधाराशिवाय चालत घरी गेल्या.

पाटी निघाली. बांबू निघाले. लगोलग ताईची गाडी फाटकाशी आली आणि ताईने एक गुंडाळी आईच्या हातात दिली. तिच्यात एक मूठ होती, आणि एक नाक. सगळी गल्ली श्वास रोखून पाहत होती. काही जण हौसेने, काही जण खोकला येऊ नये म्हणून.

“चला, साथ संपली,” अधिकारी म्हणाले. “रुग्ण नाहीत. सिस्टर, सामान आवरा, दवाखाना बंद. आणि तो गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडा.”

“उघडा?” मी ओरडलो.

“ताब्यात घेतला तेव्हा उघडा होता. परत करताना उघडाच हवा.”

सिस्टर जिन्याकडे वळल्या. ताईने कोरड्या खड्ड्याकडे पाहिले, मग टाकीकडे, मग गाडीकडे. गाडी अजून गेलेली नव्हती. आईने गुंडाळी छातीशी धरली.

आणि गुंडाळी शिंकली.

फार लहान शिंक होती ती. एखाद्या चिमणीने नाराजी व्यक्त करावी इतकी. पण अधिकारी थांबले. त्यांनी गल्लीवरून नजर फिरवली.

“कोण शिंकलं?”

ज्याने आयुष्यभर हजेरीलाही हळूच ‘उपस्थित’ म्हटले, तो माणूस मग एक पाऊल पुढे आला.

“मी,” मी म्हणालो.

“नक्की?”

“फार दिवसांपासून,” मी म्हणालो. “अंगात कणकणही आहे.”

काका घसा खाकरून म्हणाले, “पुन्हा पाटी लावायची का, साहेब?”

“साथ संपल्याची नोंद झाली. आता एका शिंकेला साथ म्हणत नाहीत,” अधिकारी त्रासून म्हणाले. “एका शिंकेला रुग्ण म्हणतात. सिस्टर, व्हॉल्व्ह राहू द्या. रुग्ण आहे म्हणजे दवाखाना चालू आहे. घ्या याला आत.”

अशा रीतीने माझ्या प्रकृतीची जबाबदारी शासनाने स्वीकारली. सध्या मी खिडकीजवळच्या खाटेवर, नव्या चादरीवर पडून आहे, तोंडात तापमापक आहे, आणि मी बोलावे अशी कुणाची अपेक्षा नाही. इतके सुख मला क्वचितच मिळाले आहे. बाहेर, आता चालू असलेल्या दवाखान्यात दाखवायला म्हणून, शेजारी पुन्हा एकेक करून जमू लागले आहेत. आई बाळाला घेऊन खिडकीशी आली आहे. “हा बघ तुझा मामा,” ती म्हणते आहे, आणि ‘मामा’ हा शब्द उच्चारताना तिचा स्वर असा आहे की मला खरोखरच ताप येईल.

बाळाने माझ्याकडे टक लावून पाहिले. नाक आक्रसले. आणि ते पुन्हा शिंकले.

सिस्टरने चमकून मान वर केली.

तोंडात तापमापक असल्यामुळे मी नुसता हात वर केला.